एकसारखी फुले, निराळी झाडे

शेतात खुरपणी करणाऱ्या बाईकडे पाहा. पीक वीतभर असते. तणही वीतभर असते. फुले कुणालाच आलेली नसतात. तरी बाईचे खुरपे बरोबर तणावरच पडते. ती कशावरून ओळखते? पानावरून, देठावरून, हाताला लागणाऱ्या लवेवरून. हीच विद्या आज आपण एका परदेशी झाडावर चालवून पाहू. ते झाड म्हणजे रानातले सूर्यफूल.

शेतातले सूर्यफूल तुम्ही पाहिले असेल. सोलापूर, लातूर, धाराशिव या भागांत ते तेलासाठी पेरतात. पण त्याचे मूळ ठिकाण दूर, उत्तर अमेरिकेत आहे. तिथे सूर्यफुलाच्या सुमारे पन्नास जाती आहेत. आपल्या शेतातले सूर्यफूल एका हंगामाचे. बी पिकले की झाड वाळले. तिकडच्या बऱ्याच जातींचे तसे नाही. थंडीत त्यांचा वरचा भाग वाळतो, वर बर्फ पडते. पण जमिनीत मूळ जिवंत असते. थंडी सरली की त्यातून नवे कोंब येतात. अशी ही झाडे वर्षानुवर्षे जगतात.

अडचण पुढेच आहे. या जातींची फुले जवळपास सारखीच दिसतात. सगळी पिवळी, सगळी आपल्या सूर्यफुलाहून लहान. नुसत्या फुलावर गेलात तर फसलात. मग काय पाहावे? चार खुणा पाहाव्या.

पहिली खूण : पाने समोरासमोर आहेत, की एकाआड एक?
दुसरी खूण : पानाला देठ आहे, की पान खोडालाच चिकटले आहे?
तिसरी खूण : खोड गुळगुळीत आहे, की खरखरीत?
चौथी खूण : जमिनीत कंद आहेत का?

आता या खुणा लावून पाहू.

झाडीच्या कडेला वाढणारे एक सूर्यफूल आहे. त्याची पाने समोरासमोर असतात. देठ जवळजवळ नाहीच. खोड गुळगुळीत. त्याचाच एक भाऊ केसाळ सूर्यफूल. त्याचीही पाने समोरासमोर, पण खोडावर हात फिरवला तर खरखरीत लागते. तिसरा भाऊ फिक्या पानांचे सूर्यफूल. त्याचे खोड गुळगुळीत, पण पानाला आखूड देठ असतो आणि पान उलटले की खालची बाजू फिकी दिसते. पाहा, तिघांची फुले एकसारखी, पण बोटांनी चाचपले की तिघे वेगळे.

माळावर मॅक्सिमिलियन नावाचे सूर्यफूल वाढते. मॅक्सिमिलियन हा जर्मन राजपुत्र 1832 ते 1834 या काळात अमेरिकेत हिंडला. त्याचे नाव या झाडाला दिले. याचे पान लांब, अरुंद असते. ते मधल्या शिरेवर दुमडलेले आणि विळ्यासारखे खाली वाकलेले असते. फुले खोडाला लागून वरपर्यंत ओळीने येतात. त्याच्यासारखेच उंच करवती सूर्यफूल. त्याच्या पानांना करवतीसारखे दाते असतात आणि खोड गुळगुळीत असते.

जेरुसलेम आर्टिचोक नावाचेही एक सूर्यफूलच आहे. त्याचा जेरुसलेम गावाशी काही संबंध नाही. त्याची पाने रुंद, खरखरीत. खालची समोरासमोर, वरची एकाआड एक. खोड केसाळ. जमिनीत बटाट्यासारखे कंद येतात, ते खातात. अमेरिकेतले मूळ रहिवासी हे कंद लावीत. 1605 साली शांप्लेन नावाच्या फ्रेंच प्रवाशाने ते त्यांच्या मळ्यांत पाहिले. पुढे ते युरोपातही पोचले. केसाळ आणि करवती या दोन जातींच्या संकरातून हे झाड झाले, असे 2014 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

संकराची ही गोष्ट ध्यानात ठेवा. शेजारी शेजारी वाढणाऱ्या जातींचा संकर होतो. मग थोडे याचे, थोडे त्याचे, असे झाड निपजते. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. दोन-तीन खुणा जुळल्या, तरच नाव घ्यावे.

कुणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला? फूल ते फूल! पण याचे कारण मोठे आहे. अमेरिकेत कॅरोलायना नावाची दोन राज्ये आहेत. तिथे श्वायनिट्झ नावाचे एक सूर्यफूल आहे. जगात दुसरीकडे ते आढळत नाही. पूर्वी तिथे मोकळी माळराने होती. अधूनमधून वणवे लागत, म्हणून झुडपे माजत नसत. पुढे माळ गेले, वणवे थांबले. हे सूर्यफूल रस्त्याच्या कडेला आणि विजेच्या तारांखाली कसेबसे तग धरून राहिले. 1991 साली सरकारने त्याला संकटातल्या वनस्पतींच्या यादीत घातले. आता रस्त्याची कड साफ करणाऱ्या माणसाला ते ओळखता आले पाहिजे. फुलण्याआधीच त्याने ते कापले, तर त्या वर्षी बी धरणार नाही. त्याची खूण सोपी आहे. पान अरुंद, वरून खरखरीत. उलटून पाहावे, तर खाली दाट, मऊ, पांढरी लव. पान उलटायला किती वेळ लागतो? पण तेवढ्यावर एका झाडाचे जगणे-मरणे ठरते.

सूर्यफुलाच्या घराण्यातली झाडे आपल्याकडेही आहेत. माका आणि एकदांडी ही त्यांतलीच. दोघांची पाने समोरासमोर. माणसे माका समजून एकदांडीच उपटून आणतात. तेव्हा नीट पाहावे. एकदांडीचे फूल लांब दांडीवर एकटेच उभे असते आणि त्याचा मधला भाग पिवळा असतो. तिच्या पानांना मोठे दाते असतात. माक्याचे फूल लहान, पांढरे आणि पानांच्या बेचक्यात असते. त्याचे पान अरुंद असते. ओल्या जागी तो वाढतो. त्याचे खोड चुरडले की रस काळा पडतो.

उद्या बांधावर जाल, तेव्हा ही दोन झाडे शोधा. मुलांना बरोबर घ्या. आधी पान उलटून पाहा, खोडावर बोट फिरवा आणि मगच नाव सांगा.