एका सामन्याचा हंगाम

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतमधल्या एखाद्या शाळेचा सतरा वर्षांखालील कबड्डी संघ तालुका स्पर्धेत पहिलाच सामना हरला, तर त्याचा वर्षभराचा शालेय हंगाम अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. स्पर्धा बाद पद्धतीची. जिंकला तर जिल्हा, मग विभाग, मग राज्य. त्यावरच्या राष्ट्रीय स्पर्धा 1954 साली स्थापन झालेला भारतीय शालेय खेळ महासंघ भरवतो.

हा जिना शाळांनी बांधलेला नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत शाळाच सभासद असलेल्या संघटना आंतरशालेय खेळांचे नियम ठरवतात; कॅलिफोर्नियातली तशी संघटना 1914ची. आपल्याकडे हे काम सरकारी खात्याचे आहे. वर पुण्याचे क्रीडा व युवक सेवा संचालनालय, मध्ये विभागांचे उपसंचालक, खाली हिंगोलीचे जिल्हा क्रीडा अधिकारी. जिल्हा क्रीडा परिषदेचे अध्यक्ष खुद्द जिल्हाधिकारी. शाळेकडे उरते ती ऑनलाइन नोंदणी, निर्गम उताऱ्याची प्रत आणि पोरांना एसटीने नेऊन आणणारे पीटी सर. तेही जिथे आहेत तिथे.

या रचनेत नकाशाला फार महत्त्व आहे. 1 मे 1999 पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. इथल्या शाळांना जिल्ह्याचा संघ म्हणून पुढे जायचे तर परभणीकरांना हरवावे लागे. नवा जिल्हा झाला आणि हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव या पाच तालुक्यांना मिळून विभागात स्वतःची जागा मिळाली. पण महापालिका क्षेत्राचा संघ जिल्ह्यापेक्षा वेगळा धरतात. परभणीची महापालिका 2011 साली झाली, म्हणजे तिकडून जिल्ह्याचा एक आणि शहराचा एक असे दोन संघ. हिंगोलीत नगर परिषदच आहे, म्हणून एकच. कबड्डीतल्या संधीचा हिशेब नगरविकास खात्याच्या निर्णयाने बदलावा, हे मला तरी विचित्र वाटते.

राज्य स्पर्धेत आठ क्रीडा विभागांचे संघ उतरतात (महसुली विभाग सहाच आहेत). पुढे राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडलेले खेळाडू महाराष्ट्राच्या नावाने खेळतात. शाळेचे नाव तिथे मागे पडते.

एवढ्या खटाटोपामागे पालकांची नजर मात्र पदकापेक्षा प्रमाणपत्रावर असते, आणि त्यांचे चूक नाही. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात; सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणेही राज्यात गाजली आहेत. नोकरीसाठी जोडलेले प्रमाणपत्र विभागीय उपसंचालकांकडून पडताळून घ्यावे लागते ते उगाच नाही.

औंढ्याच्या पाच-सहा शाळांनी दर शनिवारी आपापसांत साखळी सामने भरवले तर त्यांना कुणी अडवणार नाही. पोरांना एका पावसाळ्यात दहा सामने मिळतील. पण त्या दहांतल्या एकाही विजयाने दहावीच्या निकालात अर्धाही गुण वाढणार नाही, आणि मुख्याध्यापकांना हे पीटी सरांपेक्षा आधी कळते.