सडातून हातात, हातातून सडात

भिवंडी-कल्याण पट्ट्यातल्या तबेल्यांत धार काढणारा माणूस एका म्हशीखालून उठतो आणि तसाच दुसरीखाली बसतो. स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्टिए या जिवाणूला पसरायला एवढं पुरतं. हा कासेतच नांदणारा. शेणामातीत फार काळ तग धरत नाही. त्याला या कासेतून त्या कासेत नेतात ते गवळ्याचे हात, सगळ्यांना पुसणारं एकच ओलं फडकं, नाहीतर दूधयंत्राचे कप.

सडाच्या टोकाचं भोक मिटवणारा स्नायू म्हशीत गायीपेक्षा घट्ट असतो. हे तिचं संरक्षणच. पण त्यामुळेच गवळी अंगठा दुमडून जोरात ओढतो आणि सडाला आतून इजा होते. मुठीने पिळावं ते यासाठी.

आत शिरलेला जिवाणू दूधवाहिन्यांच्या अस्तरावर वाढतो. त्याला मारायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुधात उतरतात, वाहिन्या सुजून तुंबतात, मागचा दूध तयार करणारा भाग हळूहळू आटतो. कास दगडासारखी झाली की सगळे ‘दगडी’ म्हणतात. पण बहुतेकदा तसं काहीच दिसत नाही. दूध पांढरंशुभ्र, म्हैस रवंथ करतेय, फक्त बादली थोडी कमी भरते. दोष पेंडीला जातो!

हा छुपा आजार धरायला कॅलिफोर्नियात १९५७ साली निघालेली चाचणी आजही चालते. चार खणांच्या ताटलीत चारही सडांचं दूध वेगवेगळं घ्यायचं, तेवढंच द्रावण घालून फिरवायचं. द्रावणातल्या साबणासारख्या घटकाने पेशी फुटतात, त्यांतला डीएनए मोकळा होतो आणि दूध चिकट, घट्ट होतं. निरोगी सडाच्या दुधात मिलिलिटरला साधारण दोन लाखांहून कमी पेशी असतात; तेवढ्यांनी ते घट्ट होत नाही. नेमका जिवाणू कोणता, हे मात्र प्रयोगशाळाच सांगते.

हा जिवाणू सहसा पेनिसिलिनला दाद देतो, त्यामुळे कळपातून हटवताही येतो. सडात औषध सोडायला जनावर आटवण्याची वेळ उत्तम. पण तबेल्याचा हिशेब निराळा: हरियाणा-गुजरातेतून व्यालेली म्हैस आणायची आणि भाकड झाली की बाहेर काढायची. ती उत्तम वेळ तबेल्यात येतच नाही. उलट प्रत्येक नव्या म्हशीबरोबर आजार आत येऊ शकतो.

म्हणून तबेलेवाल्यांनो, नवी म्हैस रांगेत बांधण्याआधी चाचणी करा. बाधित म्हैस सगळ्यांत शेवटी पिळा, दर म्हशीआधी हात धुवा, धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. आणि औषध चालू असलेल्या म्हशीचं दूध पशुवैद्याने सांगितलेले दिवस उलटेपर्यंत विकू नका.