सौरवादळ आलं तर कोराडीची वीज जाईल का?

१३ मार्च १९८९ ला भूचुंबकीय वादळाने कॅनडातल्या क्युबेकमध्ये सुमारे ९ तास वीज घालवली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने टिपलेलं महावादळ २ सप्टेंबर १८५९ चं. मार्च-सप्टेंबरमध्ये, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास, अशी वादळं जास्त होतात. सूर्य तेव्हा जास्त खवळतो असं नाही. पृथ्वीचा कललेला अक्ष अशा कोनात येतो, की सौरवाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र आपल्या क्षेत्राच्या उलट दिशेला पडायची शक्यता वाढते आणि ऊर्जा आत शिरते. अर्थात नियम पक्का नाही. २०२४ चं मोठं वादळ मे महिन्यात आलं.

मग कोराडीच्या औष्णिक केंद्राचे ट्रान्सफॉर्मर? वादळात जमिनीतून तारांमध्ये शिरणारा प्रवाह ध्रुवांकडच्या देशांत जास्त असतो. नागपूर चुंबकीय विषुववृत्ताच्या बरंच जवळ, म्हणून धोका पुष्कळ कमी.