कागद ओळखले, नकार ओळखला नाही

१ जानेवारी २०२६ पासून नेदरलँड्समध्ये मुडपलेल्या कानांचे आणि बिनकेसांचे मांजर पाळायला कायद्याने बंदी आली. आधी जन्मलेल्या, चिप बसवलेल्या मांजरांना मरेपर्यंत घरात राहता येईल. त्यांना विकता मात्र येणार नाही. इंग्लंडमधल्या आमच्या जुन्या मांजरवाल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी एकच गलका उठला. सरकारला दुसरी कामे नाहीत का, आज कान उद्या नाक, वगैरे. मला राग आला तो सरकारचा नाही, या गलक्याचा. कारण हे काम आमचे होते, ते करायला पन्नास वर्षे हाताशी होती आणि ती आम्ही एकमेकांच्या सह्या-शिक्क्यांना मान देण्यात घालवली.

मांजरांच्या क्लबांचा इतिहास सांगायला बसले की सगळे जण १३ जुलै १८७१ पासून सुरुवात करतात. लंडनचा क्रिस्टल पॅलेस, हॅरिसन वेअर, पहिले मोठे प्रदर्शन. मी तो इतका ऐकला आहे की आता जांभई येते. तेव्हा थोडक्यात उरकते. १८८७ मध्ये नॅशनल कॅट क्लब निघाला, वेअर त्याचे पहिले अध्यक्ष. पुढे मांजरांच्या चित्रांमुळे गाजलेले लुई वेन त्या खुर्चीत आले. १८९८ मध्ये लेडी मार्कस बेरेसफर्ड यांनी वेगळी चूल मांडली. दोन क्लब, दोन नोंदवह्या, आणि तिकडे नाव घातले तर इकडे तोंड वाकडे. अखेर १९१० मध्ये क्लबांनी मिळून गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी, म्हणजे जीसीसीएफ, उभी केली. नॅशनल कॅट क्लबने नोंदणीचा हक्क सोडला आणि त्या बदल्यात कौन्सिलवर कायमच्या जागा पदरात पाडून घेतल्या. स्वेच्छेने झालेल्या सहकार्याचा हा पहिला मोठा करार, आणि त्यातही घासाघीस होतीच.

अमेरिकेत १८९९ ला एक संघटना निघाली, १९०६ मध्ये तिच्यातून सीएफए फुटली. १९५५ मध्ये आणखी एक संघटना आली, १९७९ मध्ये तिच्यातून टिका फुटली. फुटून निघण्याची ही परंपरा मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. युरोपात १९४९ मध्ये मार्गरीट रॅव्हेल यांच्या पुढाकाराने फिफे आली. फुटबॉलवाल्या फिफाशी तिचा संबंध नाही. साधारणपणे एका देशातून एकच सभासद हे तिचे धोरण. साहजिकच प्रत्येक देशात जे बाहेर राहिले ते ‘इंडिपेंडंट’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यातल्या पुष्कळांना १९८८ मध्ये स्थापन झालेल्या वर्ल्ड कॅट फेडरेशनने, म्हणजे डब्ल्यूसीएफने, छप्पर दिले. बाकीचे उघड्यावर राहिले आणि त्यांनी आपापसात समझोते केले: तुमची वंशावळ आम्ही मानतो, आमची तुम्ही माना, तुमचे परीक्षक आमच्याकडे, आमचे तुमच्याकडे. या समझोत्यांच्या मागे ना कायदा होता, ना कोर्ट. सगळा कारभार शब्दावर.

या शब्दाच्या कारभारावर माझे प्रेम होते, अजूनही आहे. पण त्यात पहिल्यापासून एक भोक होते, आणि ते कुठे होते हे सूझीच्या गोष्टीवरून कळते.

१९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या पर्थशायरच्या एका शेतावर सूझी नावाची पांढरी भाटी सापडली. तिचे कान पुढे मुडपलेले, त्यामुळे चेहरा घुबडासारखा गोल दिसे. तिच्या वंशाची ब्रिटनमध्ये नोंदणी सुरू झाली. मग कानांचे आजार, बहिरेपणा, पिल्लांची आखडलेली शेपटी आणि पाय यांच्या तक्रारी येऊ लागल्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जीसीसीएफने नोंदणी थांबवली. नाही म्हणजे नाही. ब्रिटिश मांजरवाल्यांच्या इतिहासात मला ज्या मोजक्या गोष्टींचा अभिमान वाटतो त्यातली ही एक. पण तोवर काही पिल्ले अमेरिकेत पोचली होती. सीएफएने १९७३ मध्ये त्यांची नोंदणी घेतली आणि १९७८ मध्ये त्यांना चॅम्पियनपदाच्या स्पर्धेत बसवले. ज्या मायदेशाने जात नाकारली त्याचेच नाव लावून ‘स्कॉटिश फोल्ड’ जगभर विकली जाऊ लागली. तिच्या कागदांवर मोठ्या संस्थेचा शिक्का होता, आणि शिक्का मानायचा हा तर सगळ्यांचा करार होता. नकार मानायचा, असा करार कोणीच कोणाशी केला नव्हता.

नव्वदचे दशक मी इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये काढले. पुण्याहून गेलेली, नवऱ्याची नोकरी तिकडे, आणि शेजारणीच्या बर्मीज मांजरांमुळे या गोतावळ्यात ओढली गेले. आधी नुसती मदतनीस, मग परीक्षकांची स्टुअर्ड. म्हणजे ट्रॉली ढकलायची, पिंजऱ्यातून मांजर काढून परीक्षकापुढे धरायचे, प्रत्येक मांजरानंतर जंतुनाशकाने हात पुसायचे.

त्या प्रदर्शनांची शिस्त आता सांगितली तर कोणाला खरी वाटणार नाही. सकाळी दारातच पशुवैद्य प्रत्येक मांजर तपासायचे. पिंजऱ्यात पांढरे ब्लँकेट, पांढरी ट्रे, पांढरे भांडे; मालकाची ओळख पटेल अशी एकही खूण नाही. मग घोषणा व्हायची आणि सगळे मालक हॉलबाहेर. परीक्षक पिंजऱ्यापिंजऱ्याने फिरायचे. परीक्षण सुरू होईपर्यंत कॅटलॉग विकायचा नाही, कारण त्यात नावे. तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन प्रमाणपत्रे मिळाली तरच मांजर चॅम्पियन. दुपारी निकालाच्या चिठ्ठ्या फळ्यावर लागू लागल्या की भल्याभल्या बायका कोपर मारून पुढे घुसायच्या. डिसेंबरात ऑलिम्पियाच्या हॉलमध्ये नॅशनल क्लबचे प्रदर्शन असायचे, आणि बर्मिंगहॅमला ‘सुप्रीम’, जिथे आधी कुठेतरी पात्र ठरलेलीच मांजरे येत.

या सगळ्याच्या मागे काम करणारे क्लब म्हणजे कोणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर चालणारी कचेरी. सेक्रेटरी बहुधा निवृत्त शिक्षिका. प्रदर्शनांच्या तारखा एकमेकांवर येऊ नयेत म्हणून फोन व्हायचे. एका क्लबाचे पिंजरे कमी पडले तर दुसऱ्याकडून यायचे. एकाच जातीचे चार-पाच क्लब असले तरी त्यांचे प्रतिनिधी एका सल्लागार समितीत बसून त्या जातीचे मानक ठरवायचे. भांडणे कडाक्याची, पण इतिवृत्तात ती दोन ओळींत मावायची. पैसा कोणालाच मिळत नव्हता, त्यामुळे मान मात्र सगळ्यांनाच हवा असायचा.

गंमत अशी की परस्पर मान्यतेच्या गप्पा सर्वांत जास्त त्याच काळात चालायच्या, जेव्हा ब्रिटनच्या किनाऱ्यावर रेबीजच्या भीतीने सहा महिन्यांच्या क्वारंटाइनची भिंत उभी होती. ब्रिटिश मांजर युरोपातल्या प्रदर्शनाला नेले तर परत आणताना सहा महिने कोंडून ठेवावे लागायचे. त्यामुळे मांजरे जात नसत, माणसे जात. आमचे परीक्षक जर्मनीला, हॉलंडला पाहुणे म्हणून जायचे, तिकडचे इकडे यायचे. मीही एका परीक्षक बाईंबरोबर हॉलंडमधल्या एका इंडिपेंडंट क्लबाच्या प्रदर्शनाला गेले होते. तिथे मालक मांजरांपाशी बसून सँडविच खात होते आणि परीक्षक मालकांसमोर मोठ्याने मत सांगत होते. आमच्या बाईंना घाम फुटला, पण दुपारपर्यंत त्याही खुलल्या. तिथेच मी पहिल्यांदा मुडपलेल्या कानांचे मांजर पाहिले. अमेरिकन कागद, सुरेख फाइल. बाईंनी मांजराची शेपटी दोन बोटांत धरून हलकेच वाकवून पाहिली आणि काही न बोलता पुढच्या पिंजऱ्याकडे वळल्या.

परत आल्यावर मी आमच्या एका समितीत विचारले, की आपण ज्यांचे कागद मानतो त्यांना निदान एवढे तरी कळवावे की आपण ही जात का थांबवली. अध्यक्ष उंचेपुरे, निवृत्त, मिशीवाले. ते म्हणाले, दुसऱ्यांच्या घरात काय शिजते हे पाहणे सभ्यपणाचे नाही. तेच गृहस्थ पुढच्या महिन्यात मला कडक शब्दांत पत्र पाठवून मोकळे झाले, कारण मी एका प्रतिस्पर्धी गटाच्या प्रदर्शनात स्टुअर्ड म्हणून उभी राहिले होते. म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावायचे नाही ते फक्त मांजरांची हाडे पाहायला. माणसे कुठे जातात याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचे! ते पत्र मी अजून जपून ठेवले आहे.

पर्शियन मांजरांच्या बाबतीत हेच वेगळ्या वाटेने झाले. ब्रिटनमध्ये नाकाची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेच्या वर गेली तर प्रमाणपत्र रोखायचे, असा नियम झाला. उद्देश स्पष्ट होता: श्वास घेता यावा, डोळे सतत गळू नयेत. पण अमेरिकेत चपट्या चेहऱ्याला बक्षिसे मिळत होती आणि तिकडून सहा महिने क्वारंटाइन सोसून बोके आणले जात होते. कागद मान्य, म्हणून नोंदणी. नोंदणी झाली, म्हणून पैदास. कागद आत आला की चेहराही आत येतो. दोन घरांत सोयरीक जुळते तेव्हा पत्रिका दोन्हीकडून पाहतात आणि कुठल्या घरात मुलगी द्यायची नाही हेही दोन्हीकडे ठाऊक असते. आमच्या क्लबांनी पत्रिका पाहिली, ठाऊक असलेले मात्र सांगितले नाही.

सगळेच वाया गेले असे म्हणणार नाही. पर्शियनांमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक विकार आढळला आणि तपासलेल्या ब्रिटिश पर्शियनांपैकी जवळपास निम्म्यांत तो निघाला. तेव्हा १९५८ पासून काम करणाऱ्या फेलाइन अ‍ॅडव्हायझरी ब्युरोने सोनोग्राफीची योजना चालवली. लोकांनी आपली मांजरे तपासून घेतली, निर्दोष निघालेल्यांची नावे जाहीर झाली, आणि २००४ मध्ये जनुकीय चाचणी आल्यावर काम आणखी सोपे झाले. सक्ती कोणाचीच नव्हती. म्हणजे स्वेच्छेने काही होत नाही हे खरे नाही. एकाने केलेली तपासणी दुसऱ्याने उपयोगात आणली की होते.

१९९४ मध्ये व्हेनिसला मोठ्या संस्था एकत्र आल्या आणि वर्ल्ड कॅट काँग्रेसची सुरुवात झाली. सीएफए, टिका, फिफे, डब्ल्यूसीएफ, जीसीसीएफ, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका असे सगळे हळूहळू एका टेबलाशी आले. पुढे ‘ओपन डोअर’ धोरण आले: एका संस्थेत नोंदलेले मांजर त्याच कागदांवर दुसरीच्या प्रदर्शनात उतरू शकेल. ऐकायला फारच छान. पण दार उघडले ते मोठ्यांचे मोठ्यांना. जे छोटे क्लब कोणाच्याही छपराखाली नव्हते, ज्यांनी शब्दावर समझोते करून तीस-तीस वर्षे नोंदवह्या चोख ठेवल्या, त्यांना ‘तुमचा क्रमांक यादीत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. आणि मुडपलेल्या कानांचे काय? यजमान संस्था जी जात मानत नाही ती तिच्या स्पर्धेत उतरणार नाही, एवढ्यावर भागले. तिची पैदास कुठे, किती व्हावी यावर मौन.

१९९९ मध्ये सिडनीच्या रिचर्ड मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटिश फोल्डमधल्या अस्थिविकारावर लेख प्रसिद्ध केला. कान मुडपण्याला जे जनुक कारण, तेच सांध्यांमधल्या कूर्चेचे नुकसान करते. एकाच पालकाकडून ते आले तरी सुटका नाही. २०१६ मध्ये ते जनुकही ओळखले गेले. म्हणजे सत्तरच्या दशकात जीसीसीएफच्या मंडळींनी अंदाजाने जे केले ते बरोबर होते, हे सिद्ध झाले. तरी ज्यांचे कागद सगळे मानत होते त्यांनी नोंदणी चालूच ठेवली आणि बाकीच्यांनी त्यांच्याशी हस्तांदोलन चालू ठेवले.

२००० मध्ये पाळीव प्राण्यांसाठी पासपोर्टाची योजना आली, क्वारंटाइनची भिंत पडली आणि मांजरे खरोखर ये-जा करू लागली. वाटले होते, आता क्लब आणखी जवळ येतील. झाले उलटेच. आपला स्पर्धक दुसऱ्याच्या प्रदर्शनाला जाईल या धास्तीने प्रत्येक जण आपली पदवी, आपले गुण, आपली रिबिने यांत गुंतला. हॉलची भाडी वाढली, पिंजरे रिकामे राहू लागले, कोविडने उरलेल्यांना धक्का दिला. एकेक निवृत्त शिक्षिका गेली आणि तिच्या जेवणाच्या टेबलावरचा क्लब तिच्याबरोबर गेला. दरम्यान फोनच्या पडद्यावर घुबडासारख्या चेहऱ्याची मांजरे लाखो लोक पाहू लागले. त्यांतली काही ‘बुद्धासारखी’ पाय पुढे टाकून बसतात, आणि लोक त्यावर बदाम टाकतात. सांधे दुखणारे मांजर पुष्कळदा असेच बसते.

मग सरकारे आली. इंग्लंडमध्ये २०२० पासून सहा महिन्यांखालची पिल्ले दुकानातून विकता येत नाहीत, २०२४ पासून मांजराला चिप सक्तीची. आता हॉलंडचा कायदा. ग्रुपवर ज्यांनी गलका केला त्यांना मी एवढेच लिहिले की १९७१ च्या सुमाराला झालेल्या नकाराची एक प्रत तुम्ही तुमच्या मित्रसंस्थांना पाठवली असती आणि त्यांनी ती फाइलला लावली असती, तर हा कायदा लागलाच नसता. उत्तर कोणी दिले नाही. एकाने मांजराचे चित्र पाठवले.

हे पुण्यात बसून लिहायचे कारण आहे. भारतातही आता परदेशी महासंघांशी जोडलेले क्लब प्रदर्शने भरवतात, आणि मुडपलेल्या कानांची पिल्ले इथेही महाग किमतीला विकली जातात. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे नियम आहेत. त्यांत मांजर नाही. इथले क्लब नवे आहेत, भांडणे अजून जुनी झालेली नाहीत, तेव्हा एक कलम घालणे सोपे आहे: ज्या महासंघाचे कागद आम्ही मानू, त्याच्या आणि इतर मान्यताप्राप्त संस्थांच्या आरोग्यासाठीच्या बंद्याही आम्ही मानू, त्या जातींची नोंदणी करणार नाही आणि त्यांना बक्षीस देणार नाही. यासाठी ना पैसा लागतो, ना सरकार. फक्त आपल्याच काही सभासदांना दुखवावे लागते. ते आमच्या मिशीवाल्या अध्यक्षांना जमले नाही. इथेही जमले नाही तर ते काम एक दिवस सरकार करील, आणि सरकार करते तेव्हा चांगले पाळणारा आणि वाईट पाळणारा हा फरक ते करत बसत नाही.