‘दातेरी रेल्वे’ आणि माथेरानची गाडी : एका प्रतिशब्दाची चिकित्सा

गेल्या सत्रात भाषांतराच्या वर्गात एका विद्यार्थ्याने ‘रॅक रेल्वे’ या संज्ञेस ‘मांडणीची रेल्वे’ असा प्रतिशब्द दिला, तेव्हा वर्गात हशा पिकला. वस्तुतः त्याचा दोष फारसा नव्हता. ‘रॅक’ म्हणजे फळ्यांची मांडणी हाच अर्थ आपल्या व्यवहारात रूढ आहे. हसणाऱ्यांपैकी काहींनी मग ‘डोंगरी रेल्वे’ असा शब्द सुचविला आणि उदाहरणादाखल माथेरानच्या गाडीचे नाव घेतले. ही दुसरी चूक पहिलीहून गंभीर म्हटली पाहिजे, कारण तिला कोणीच हसले नाही.

येथील रॅक म्हणजे दाते पाडलेली सरळ लोखंडी पट्टी होय. पिंपरी-चिंचवड परिसरात ज्याने लेथ मशीन चालविले आहे, त्यास हे सांगावयास नको. लेथचे हातचाक फिरविले की कॅरेज बेडवरून पुढेमागे सरकते. बेडखाली बसविलेल्या दातेरी पट्टीत एक लहान दातेरी चाक अडकलेले असते, त्याची ही करामत. (मांडणीवाल्या विद्यार्थ्याने चाकणच्या एका कारखान्यात वर्षभर उमेदवारी केली होती. वस्तू त्याच्या हाताखालची होती; कोशातील शब्द मात्र त्याला तिच्यापर्यंत घेऊन गेला नाही.) हीच पट्टी दोन रुळांच्या मधोमध डोंगरावर अंथरली आणि चाक इंजिनास बसविले की रॅक रेल्वे तयार होते. अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर १८६९ मध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये रिगी पर्वतावर १८७१ मध्ये अशा गाड्या प्रवाशांना घेऊन चढू लागल्या. भारतात आज या पद्धतीने चालणारी प्रवासी रेल्वे एकच : निलगिरीची. ती १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत पोहोचली. तिच्या कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात रोमान आब्ट या स्विस अभियंत्याच्या पद्धतीची दुहेरी पट्टी आहे. एका पट्टीचा दाता जेथे येतो तेथे शेजारच्या पट्टीत खाच येते. त्यामुळे इंजिनाच्या दातेरी चाकांची पकड एक क्षणही सुटत नाही.

दात्यांची गरज कोठे पडते, हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. लोखंडी चाकास लोखंडी रुळावर मिळणारी पकड, रूळ कोरडा असता, इंजिनाच्या वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी असते. ओल्या, निसरड्या रुळावर ती दहाव्या हिश्शापर्यंत उतरते. समजा, इंजिन २० टनांचे आहे आणि रूळ ओला आहे. पकड २ टनांची. निलगिरीच्या दातेरी टप्प्यात दर साडेबारा फुटांस सुमारे १ फूट चढ आहे. तेथे एवढ्या पकडीवर इंजिनासह एकूण २५ टन वजन कसेबसे चढेल. म्हणजे इंजिन स्वतःला आणि फार तर एका हलक्या डब्याला ओढील. हाच चढ २० फुटांस १ फूट असेल तर आकडा ४० टनांवर जातो. रुळांचा आणि वळणांचा विरोध यात धरलेला नाही.

माथेरानच्या मार्गाचा सर्वांत तीव्र चढ नेमका २० फुटांस १ फूट आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग १९०४ ते १९०७ या काळात बांधविला. रुळांमधील अंतर अवघे २ फूट. लांबी सुमारे २१ किलोमीटर. पट्टी नाही, दाते नाहीत. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानके घेत, डोंगराच्या कुशीस चिकटून गाडी वर जाते. दाते न वापरण्याची किंमत तिने लांबीने आणि वळणांनी मोजली आहे. वळणे इतकी आकुंचित की साध्या इंजिनाची चाके त्यांत अडकावीत. म्हणून ऑरेनस्टाइन आणि कोपेल या जर्मन कंपनीकडून आणलेल्या वाफेच्या इंजिनांत पुढच्या व मागच्या चाकांना पोकळ कणा दिला होता आणि त्याच्या आत दुसरा भरीव कणा होता. बाहेरचा कणा वळणानुसार किंचित सरके, आतला शक्ती पोहोचवी. प्रस्तुत लेखकास या मार्गाचा खरा चमत्कार त्या कण्यात दिसतो. प्रवासवर्णनांना मात्र बोगद्याच्या इंग्रजी नावाचेच कौतुक अधिक.

पुण्याकडून नेरळला जाणारा वाचक वाटेत जो बोरघाट उतरतो, तोही दात्यांविना जिंकलेला आहे. १८६३ मध्ये पुरा झालेल्या त्या मार्गावर चढ ३७ फुटांस १ फूट ठेवून खंडाळ्याखाली गाडीची दिशा उलटविण्याचे स्थानक केले होते. ते पुढे नव्या आखणीत गेले. कर्जतला जादा इंजिने मात्र आजही जोडतात : पकड वाढवावयाची तर वजन वाढवावयाचे.

तेव्हा ‘डोंगरी रेल्वे’ ही जात झाली, प्रकार नव्हे. तिच्यात निलगिरी आणि माथेरान दोन्ही बसतात आणि सांगावयाचा फरक तेवढा बुडतो. ‘दंतुर रेल्वे’ हा शब्द भारदस्त आहे, परंतु भूगोलाने ‘दंतुर’ किनाऱ्यास देऊन टाकला आहे आणि तेथे तो वेड्यावाकड्या कडेचा वाचक आहे. रॅकचे दाते तर एका मापाचे. ‘दातेरी’ हे विशेषण चाकास पूर्वीच लागलेले आहे. म्हणून पट्टीस ‘दातेरी पट्टी’ आणि मार्गास ‘दातेरी रेल्वे’ म्हणावे.

माथेरानच्या प्रकारास काय म्हणावे, हा प्रश्न अवघड आहे. इंग्रजी संज्ञेचा आधार घेतल्यास ‘आसंजन रेल्वे’ होईल. पण पदार्थविज्ञानात ‘आसंजन’ म्हणजे दोन भिन्न पदार्थ रेणूंच्या आकर्षणाने एकमेकांस चिकटणे. येथे चाक रुळास चिकटत नाही. चिकटले असते तर निसरड्या रुळावर चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय इंजिनात ठेवावी लागती ना. ‘पकड’ हा घरगुती शब्द त्यापेक्षा नेमका आहे. ‘पकडीची रेल्वे’ कानास ओबडधोबड लागते खरी, तरी वर्गात तूर्त आम्ही हाच शब्द चालविला आहे आणि याहून बरा कोणी सुचविल्यास तो घेण्यास तयार आहोत.