बेंचवरची कॅप्टन

सतराव्या वर्षी वर्ल्ड कप फायनल, तीन वेळा जगातली सर्वोत्तम फुटबॉलपटू आणि शेवटची वर्ल्ड कप मॅच... बेंचवर! जर्मनीची स्ट्रायकर बिर्गिट प्रिन्झची ही गोष्ट.

टीमच्या लिस्टमध्ये आपलं नाव आहे, पण पहिल्या अकरात नाही, हे कधी झालंय तुमच्याबाबतीत? माझ्या झालंय. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, शेवटच्या मॅचला. माझ्या जागी एक ज्युनियर खेळली आणि मी नव्वद मिनिटं पाण्याच्या बाटल्या मोजत बसले. त्या रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर जुन्या मॅच बघत होते, तेव्हा मला बिर्गिट सापडली.

तारीख २६ जून २०११. बर्लिनचं ऑलिम्पिक स्टेडियम खचाखच भरलेलं, ७३ हजारांहून जास्त प्रेक्षक. महिला वर्ल्ड कपमध्ये यजमान जर्मनीची पहिलीच मॅच, समोर कॅनडा. ५६व्या मिनिटाला टचलाइनवर बोर्ड वर गेला. त्यावर आकडा होता ९. म्हणजे बिर्गिट प्रिन्झ, टीमची कॅप्टन. ती बाहेर आली आणि तिच्या जागी वीस वर्षांची ॲलेक्झांड्रा पॉप आत गेली.

हाच सीन, पण उलटा

गंमत म्हणजे बिर्गिटची सुरुवातही कॅनडाविरुद्धच झाली होती. १९९४च्या जुलैमध्ये सोळा वर्षांची बिर्गिट बेंचवरून उठून मैदानात गेली. बाहेर आली होती हायडी मोर, तेव्हाची जर्मनीची सर्वाधिक गोल करणारी खेळाडू. बिर्गिटने शेवटच्या मिनिटांत गोल मारला आणि मॅच जिंकून दिली. पुढे मोरचा रेकॉर्डही तिनेच मोडला.

त्यानंतरच्या सतरा वर्षांत काय काय झालं, ते ऐकून दम लागतो. १९९५ला सतराव्या वर्षी ती वर्ल्ड कप फायनल खेळली. नॉर्वेने ती मॅच २-० अशी जिंकली. २००३ला जर्मनी पहिल्यांदा जगज्जेती झाली, तेव्हा सात गोल करून गोल्डन बूटही तिनेच नेला आणि सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉलही. २००७च्या फायनलमध्ये ब्राझीलविरुद्ध पहिला गोल तिचा. त्या अख्ख्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीने एकही गोल खाल्ला नाही. शिवाय २००३, २००४, २००५ अशी सलग तीन वर्षं फिफाची सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू! इटलीतल्या पेरुजा क्लबने तर तिला पुरुषांच्या टीममध्ये खेळायची ऑफर दिली होती. तिने सरळ नाही म्हटलं.

बक्षीस काय, तर कपबशा

हे सगळं कुठल्या देशात घडत होतं, तेही बघा. जर्मन फुटबॉल संघटनेने १९५५मध्ये आपल्या क्लबांना महिला फुटबॉलची दारं बंद करायला लावली होती. ती बंदी उठली १९७०मध्ये. १९८९ला जर्मनीच्या मुलींनी युरोपियन चॅम्पियनशिप जिंकली, तेव्हा त्यांना बोनस म्हणून मिळाला कॉफीचा सेट! बिर्गिट तेव्हा अकरा वर्षांची होती.

त्यामुळे फक्त फुटबॉलवर आयुष्य काढायचं हा विचार त्या पिढीतल्या मुलींना परवडणारा नव्हता. बिर्गिटने फिजिओथेरपीचं शिक्षण घेतलं. मग खेळता खेळताच फ्रँकफर्टला सायकॉलॉजीचा अभ्यास केला आणि २०१०मध्ये डिग्री पूर्ण केली. आपल्याकडे ‘प्लॅन बी’ म्हटलं की हरल्यासारखं वाटतं ना? इथे जगातली नंबर वन खेळाडू परीक्षा देत होती.

घरच्या मैदानावर

पुन्हा २०११कडे येऊ. दुसरी मॅच नायजेरियाशी होती आणि तीसुद्धा फ्रँकफर्टला, म्हणजे बिर्गिटच्या जन्मगावी, तिच्या क्लबच्या शहरात. दुसरा हाफ सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, तोच पुन्हा ९ नंबरचा बोर्ड. फ्रान्सविरुद्ध ती खेळलीच नाही. क्वार्टर फायनलला जपानविरुद्ध एक्स्ट्रा टाइम झाला, टीमला गोल हवा होता, तिन्ही बदली खेळाडू आत गेल्या. त्यात बिर्गिट नव्हती. जर्मनी ०-१ हरली आणि वर्ल्ड कपमध्ये १४ गोल नावावर असलेली स्ट्रायकर ते बाहेरून बघत होती. ऑगस्टमध्ये तिने निवृत्ती जाहीर केली.

हे वाचून वाईट वाटलं? मलाही वाटलं. पण माझ्या मते बिर्गिटची खरी गोष्ट इथून पुढे आहे. ती हॉफेनहाइम क्लबमध्ये स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट झाली. टीममधून वगळलेल्या किंवा दुखापतीने घरी बसलेल्या खेळाडूला ऐकून घेणं हा या कामाचा मोठा भाग. ‘बेंचवर बसल्यावर कसं वाटतं’ हे तिला पुस्तकात शोधावं लागत नसणार.

२०१९च्या वर्ल्ड कपला ती जर्मनीच्या महिला टीमबरोबर सायकॉलॉजिस्ट म्हणून गेली. त्या टीमची कॅप्टन कोण होती माहितीय? ॲलेक्झांड्रा पॉप. बर्लिनमध्ये जिच्यासाठी बिर्गिटला बाहेर यावं लागलं होतं, तीच. आता तिच्या टीमची मनं सांभाळणं हेच बिर्गिटचं काम होतं.

माझ्या जागी खेळलेल्या ज्युनियरने त्या दिवशी मस्त मॅच खेळली होती. मी तिला अजून ‘छान खेळलीस’ एवढंही म्हटलेलं नाही. आज हे पान छापून आलं की पहिला मेसेज तिलाच.

स्कोअरकार्ड : बिर्गिट प्रिन्झ
जन्म : २५ ऑक्टोबर १९७७, फ्रँकफर्ट
जर्मनीकडून : २१४ मॅच, १२८ गोल (देशाच्या पुरुष खेळाडूंपैकीही कुणाचे एवढे नाहीत)
वर्ल्ड कप : २००३, २००७
युरोपियन चॅम्पियनशिप : १९९५, १९९७, २००१, २००५, २००९
ऑलिम्पिक ब्राँझ : २०००, २००४, २००८