संगणकप्रणालींची सुरक्षा-तपासणी : लिखित आज्ञांची शिस्त

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर येथे पूर्णा नदीवर मोठे धरण आहे. नदीच्या वरच्या अंगाला येलदरीचे धरण असून तेथील वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी सिद्धेश्वरच्या जलाशयात येते आणि पुढे कालव्यांवाटे हिंगोली, परभणी व नांदेड या जिल्ह्यांतील शेतीला मिळते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. पूर्णा प्रकल्प त्याच्या कितीतरी आधीचा. एवढी वर्षे उभे असलेले धरण केवळ उभे आहे म्हणून सुरक्षित मानले जात नाही. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ अन्वये अशा धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे बंधनकारक आहे. मोठा पूर वा भूकंप झाल्यास विशेष तपासणीचीही तरतूद आहे. गळती, दरवाजे, उचलयंत्रणा, मापके यांची पाहणी ठरलेल्या क्रमाने होते आणि तिची नोंद राहते. तपासणारा अधिकारी बदलला तरी क्रम बदलत नाही, हे या शिस्तीचे मर्म आहे.

गावाचा कारभार आज आणखी एका बांधकामावर उभा आहे; मात्र ते डोळ्यांना दिसत नाही. सातबाराचे उतारे, जन्ममृत्यूच्या नोंदी, लाभार्थ्यांच्या याद्या, ग्रामपंचायतीचे जमाखर्च हे सारे संगणकप्रणालींमध्ये साठवले जाते. या प्रणालींना तडे गेले तर पाणी वाहून जात नाही. परंतु एखाद्या विधवेचे अनुदान दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकते, किंवा शेकडो कुटुंबांची खासगी माहिती परक्याच्या हाती पडू शकते. धरणाला लागू असलेली नियमित, लिखित आणि क्रमबद्ध तपासणीची शिस्त या प्रणालींनाही तितकीच आवश्यक आहे. ती प्रत्यक्षात कशी आणता येते, याची माहिती या लेखात दिली आहे.

उघडे राहिलेले दार

संगणकातील त्रुटीचे परिणाम संगणकापुरतेच राहतात, असा समज अद्यापि आढळतो. इ. स. २००० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील मरूची येथे सांडपाणी-यंत्रणेच्या नियंत्रणात एका माहितगार व्यक्तीने बाहेरून ढवळाढवळ केली. परिणामी सुमारे ८ लाख लिटर मैला नाल्यांत व उद्यानांत पसरला. एप्रिल २०२५ मध्ये नॉर्वेतील ब्रेमांगर येथील एका छोट्या धरणाची झडप परक्या व्यक्तींनी इंटरनेटवरून उघडली. सुमारे चार तास ती उघडी होती आणि दर सेकंदाला जवळजवळ ५०० लिटर जादा पाणी बाहेर पडत होते. नदीपात्र मोठे असल्याने हानी झाली नाही. नियंत्रणफलक इंटरनेटवर उघडा होता आणि त्याचा पासवर्ड दुर्बळ होता, एवढेच या घटनेचे कारण सांगितले गेले. असा दोष साध्या, नियमित तपासणीत सहज सापडण्याजोगा असतो.

कमांड लाइनचे महत्त्व

संगणकाशी व्यवहार करण्याच्या दोन रीती आहेत. पडद्यावरील चित्रांवर माउसने टिचकी मारणे ही सर्वांच्या परिचयाची रीत. दुसरी रीत कमांड लाइनची. तीत वापरणारा एका ओळीत लेखी आज्ञा देतो. आज्ञेचे सामान्यतः तीन भाग असतात : कोणते साधन चालवायचे, ते कशा प्रकारे चालवायचे आणि कशावर चालवायचे. तलाठ्याला द्यावयाच्या लेखी आदेशात काम, पद्धत आणि गट क्रमांक असावा, तसेच हे आहे.

लेखी आज्ञेचा मोठा लाभ असा की ती जपून ठेवता येते. दहा आज्ञा एका फाइलीत क्रमाने लिहिल्या की त्यांची ‘स्क्रिप्ट’ तयार होते. तीच स्क्रिप्ट आज हिंगोलीत, उद्या नांदेडला, दररोज रात्री दोन वाजता अथवा प्रणालीत बदल होताच आपोआप चालवता येते. कोणी, केव्हा, काय तपासले याचा पुरावा राहतो. माउसने केलेल्या तपासणीत हे सारे करणाऱ्याच्या स्मरणावर अवलंबून असते.

तपासणीचा क्रम

ग्रामपंचायतीच्या करवसुलीची एक प्रणाली आहे, असे समजू. तिच्या तपासणीचा क्रम साधारणतः पुढीलप्रमाणे असतो.

पहिली पायरी दारांच्या मोजणीची. सर्व्हरवर बाहेरून जोडणी होऊ शकेल अशा प्रवेशमार्गांना ‘पोर्ट’ म्हणतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘एनमॅप’ हे साधन कोणते पोर्ट उघडे आहेत याची यादी देते. ही यादी मंजूर यादीशी ताडून पाहावी. मंजूर नसलेले दार उघडे दिसल्यास त्याचे कारण शोधावे.

दुसरी पायरी मूळ आज्ञावलीच्या वाचनाची. ‘सेमग्रेप’सारखे साधन आज्ञावलीतील धोकादायक रचना हुडकते. ‘गिटलीक्स’ हे साधन आज्ञावलीत अनवधानाने राहून गेलेले पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या शोधते. पासवर्ड आजच्या फाइलीतून खोडला तरी जुन्या आवृत्त्यांच्या इतिहासात तो शिल्लक राहतो, हे येथे ध्यानात घ्यावे. असा पासवर्ड बदलणे हाच त्यावर उपाय.

तिसरी पायरी उसन्या घटकांची. कोणतीही प्रणाली संपूर्ण नव्याने लिहिली जात नाही. तिच्यात इतरांनी तयार केलेले अनेक घटक असतात. ‘ट्रिव्ही’सारखे साधन या घटकांची यादी जाहीर झालेल्या दोषांच्या सूचीशी पडताळते. डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतील ‘लॉगफोरजे’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या नोंद-घटकात अतिगंभीर दोष असल्याचे उघड झाले. तीव्रतेच्या मापनात त्याला १० पैकी १० गुण मिळाले. हा घटक असलेल्या प्रणालीला नोव्हेंबरमध्ये निर्दोष म्हणून प्रमाणपत्र मिळालेले असले, तरी एकही अक्षर न बदलता ती डिसेंबरमध्ये असुरक्षित ठरली. वर्षातून एकदा मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर विसंबून राहता येत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

चौथी पायरी चालू प्रणालीच्या परीक्षेची. यासाठी ‘झॅप’ हे मुक्त साधन प्रचलित आहे. त्याची प्राथमिक तपासणी पानांचे केवळ निरीक्षण करते. सखोल तपासणीत मात्र ते प्रणालीवर प्रत्यक्ष कृत्रिम हल्ले चढवते. त्यामुळे खऱ्या नोंदी बिघडू शकतात. म्हणून सखोल तपासणी प्रणालीच्या चाचणी-प्रतीवरच करावी. पंप, झडपा व दरवाजे चालवणाऱ्या जुन्या नियंत्रकांच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी, कारण काही नियंत्रक साध्या पोर्ट-मोजणीनेही बंद पडतात.

‘दोष नाही’ आणि ‘तपासणी नाही’

प्रत्येक आज्ञा पूर्ण झाली की ती मागे एक अंक ठेवते. रूढ संकेतानुसार शून्य म्हणजे काम सुरळीत झाले आणि अन्य कोणताही अंक म्हणजे काही बिघडले. स्क्रिप्ट हा अंक वाचून पुढे जायचे की थांबायचे ते ठरवते. अंक शून्य नसेल तर प्रणालीची नवी आवृत्ती लोकांसाठी खुली होणार नाही, अशी व्यवस्था त्यामुळे करता येते.

मात्र या अंकाचा अर्थ साधनागणिक वेगळा असतो. ‘झॅप’च्या प्राथमिक तपासणीत ० म्हणजे सारे ठीक, १ म्हणजे किमान एक अपयश, २ म्हणजे अपयश नाही पण इशारा आहे आणि ३ म्हणजे तपासणीतच अन्य काही अडथळा आला. ‘ट्रिव्ही’ची रीत निराळी आहे. विशेष सूचना दिली नसेल तर घटकांत दोष आढळूनही ते साधन शून्यच परत करते. हे माहीत नसलेल्या कर्मचाऱ्याच्या नोंदवहीत वर्षभर शून्ये दिसतील आणि प्रणाली मात्र सदोष राहील.

याहून फसवा प्रकार रिकाम्या अहवालाचा. पत्ता चुकला, लॉगिन झाले नाही किंवा जाळे बंद होते, तर साधनाच्या हाती तपासण्यासारखे काहीच लागत नाही आणि दोषांचा रकाना कोरा राहतो. तो कोरा रकाना निर्दोषतेचा दाखला समजला जातो. जलाशयाची पातळी न पाहता कालचाच आकडा आज लिहिणाऱ्या मापकाच्या नोंदीइतकीच अशा अहवालाची किंमत आहे. त्यावर उपाय सोपा आहे. चाचणी-प्रतीत एक माहितीचा दोष मुद्दाम ठेवावा आणि साधनाला तो सापडतो की नाही हे दर वेळी पाहावे. तो सापडला नाही तर संपूर्ण अहवाल बाद धरावा. तसेच किती पाने, किती पोर्ट व किती घटक तपासले याचे आकडे अहवालात असावेत.

साधने कधी कधी नसलेला दोषही दाखवतात. असा दोष वगळावयाचा झाल्यास त्याचे कारण, वगळणाऱ्याचे पद आणि फेरविचाराची तारीख लिहून ठेवावी. अन्यथा वगळलेल्या बाबींची यादी वाढत जाते आणि तपासणी नावापुरती उरते.

यंत्राला न दिसणारे

काही दोष कोणत्याही साधनाला आपणहून ओळखता येत नाहीत. एका गावच्या ग्रामसेवकाने लॉगिन केल्यावर पत्त्यातील क्रमांक बदलला आणि त्याला शेजारच्या गावाच्या नोंदी दिसल्या, तर साधनाच्या दृष्टीने पान व्यवस्थित उघडले. त्या नोंदी पाहण्याचा त्याला अधिकार नव्हता, हे प्रशासन जाणणारी व्यक्तीच सांगू शकते. ‘ओवॅस्प’ या जागतिक संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत अधिकार-नियंत्रणातील हाच दोष पहिल्या क्रमांकावर होता. यावरून पंचायत सदस्य आणि कर्मचारी यांचे या कामातील स्थान स्पष्ट होते. कोणी काय पाहावे आणि काय पाहू नये याची यादी त्यांनी द्यावी. मग तंत्रज्ञ ती यादी आज्ञांमध्ये उतरवून दर रात्रीच्या तपासणीत समाविष्ट करू शकतात.

परवानगी आणि कायदा

ही साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. म्हणून ती कोणत्याही प्रणालीवर चालवता येतात असा अर्थ होत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये सांगितलेली अनधिकृत प्रवेशासारखी कृत्ये लबाडीने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्रणाली कोणाची, तपासणी कोणत्या दिवशी व कोणत्या वेळेत, कोणत्या पत्त्यांवर, हे नमूद केलेली लेखी परवानगी घेतल्याखेरीज पहिली आज्ञासुद्धा देऊ नये.

देशातील संगणक-आपत्तींविषयी समन्वय साधण्यासाठी ‘सर्ट-इन’ ही केंद्रीय यंत्रणा २००४ पासून कार्यरत आहे. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार विहित प्रकारच्या घटनांची माहिती, त्या लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवावी लागते आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. हे निर्देश शासकीय संस्थांनाही लागू आहेत.

प्रत्येकाचा वाटा

प्रणाली विकत घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी निविदेच्या अटींत केवळ प्रमाणपत्र न मागता तपासणीच्या स्क्रिप्ट, त्यांचे अहवाल आणि वापरलेल्या घटकांची यादीही मागावी. ठेकेदार बदलला तरी ही शिदोरी कार्यालयाकडे राहील आणि नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून तीच तपासणी चालवता येईल.

पंचायत सदस्यांनी आपल्या गावासाठी कोणकोणत्या प्रणाली वापरल्या जातात आणि त्यांत प्रवेश कोणाला आहे, याची यादी सभेपुढे ठेवण्याचा आग्रह धरावा. बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद व्हावे. एकच पासवर्ड अनेकांनी वापरण्याची प्रथा थांबावी. या गोष्टींना खर्च येत नाही.

शिक्षकांनाही या विषयात बरेच करता येण्यासारखे आहे. सरावासाठी मुद्दाम सदोष ठेवलेली ‘वेबगोट’ आणि ‘ज्यूस शॉप’ यांसारखी प्रात्यक्षिके मुक्तपणे उपलब्ध आहेत. शाळेच्या वा महाविद्यालयाच्या संगणकावर, बाहेरच्या जाळ्याशी संबंध न ठेवता, विद्यार्थी त्यांवर कमांड लाइनचा अभ्यास करू शकतात. दोष शोधणे, तो जबाबदार व्यक्तीला कळवणे आणि परवानगीवाचून परक्या दाराला हात न लावणे, हे तिन्ही संस्कार एकाच वर्गात होतात.

धरणाच्या तपासणीत पाहणाऱ्याचे डोळे आणि हाती असलेली ठरीव यादी या दोहोंची गरज असते. संगणकप्रणालींच्या बाबतीत ती यादी म्हणजे लेखी आज्ञांची फाइल होय. ती तयार करण्यास काही दिवसांचे श्रम लागतात. नंतर मात्र ती रोज, न कंटाळता, त्याच क्रमाने काम करते. तिने दिलेला अहवाल सकाळी वाचणे आणि त्यावर कार्यवाही करणे हे माणसाचेच काम आहे. प्रत्येक कार्यालयात त्या कामासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमली जाणे अगत्याचे आहे.